चार रुपये बारा पैसे

आकडा दिसला तेव्हा कुमारच्या तोंडात भाकरीचा घास होता. तो त्याने गिळला नाही आणि थुंकलाही नाही. काल्हेरच्या गोडाऊनमध्ये दुपारी एक ते दीड जेवणाची सुट्टी असते, आणि त्या अर्ध्या तासात डिस्पॅचचा मितेश रोज कुणाला ना कुणाला शेअर मार्केट शिकवत असतो. मितेशच्या बापाने वेळेवर जमीन गोडाऊनवाल्यांना भाड्याने दिली, त्यामुळे मितेशला पगार म्हणजे चहापाण्याचा खर्च. चाळिशीचा हा माणूस नोकरी करतो ती घरी बसलं की बायकोशी वाजतं म्हणून. "कुठल्यापन कंपनीचा जुना भाव बघता येतो, कुमारदादा," तो म्हणाला. "वीस साल, पंचवीस साल मागचा. तारीख टाका, उस दिन का रेट हाजिर. बोला, कुठली बघू?" कुमारने जन्मात एकाच कंपनीचं नाव ऐकलं होतं, म्हणजे त्याला ते ऐकवलं गेलं होतं. वज्राई डायकेम. तारीख बारा फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, गुरुवार. मितेशने फोनच्या काचेवर दोन-तीन ठिकाणी बोट आपटलं, एक लांबलचक तक्ता सरसर वर गेला आणि एका ओळीवर थांबला. त्या दिवशीचा बंद भाव चार रुपये बारा पैसे. "गलत है," कुमार म्हणाला. "दोनशेसहा पाहिजे." "दादा, मार्केटचं रेकॉर्ड हाय ते, माझ्या बापाचं न्हाय," असं म्हणून मितेश लोणच्याच्या फोडीकडे वळला.

दोनशेसहा. कुमारच्या गावात, अंजूरमध्ये, हा आकडा नव्हता, ते एका माणसाचं नाव होतं. विठू पाटलाचं, कुमारच्या बापाचं. गावात विठू चार-पाच, म्हणून एक टकल्या विठू, एक पोस्टातला विठू आणि एक दोनशेसहा. खाडीकडच्या अंगाला पहिलं गोडाऊन आलं तेव्हा विठूने शेताचा एक तुकडा विकला. बाकीच्यांनी त्या पैशांच्या मोटरसायकली घेतल्या, स्लॅब टाकले, हळदीला सातशे माणसं जेवायला घातली. विठूने घर नीट केलं, मुलगी उजवली, आणि उरल्या पैशांतून वज्राई डायकेमचे शंभर शेअर घेतले, दोनशेसहा रुपयांना एक. भाजीची पाटी घेऊन ज्यांच्या दारात तो वीस वर्षं जात होता त्या टेमघरच्या माधव भाऊसाहेबांनी ते घेऊन दिले. भाऊसाहेब म्हणजे भिवंडीतल्या एका शाळेचे हेडक्लार्क. स्वतःही थोडेफार घ्यायचे. कंपनीचं नाव वज्राई, आणि विठूची कुलदेवता वज्राबाई. विठूला एवढं पुरेसं होतं. पावणेदोन वर्षांत भाव बासष्टवर आला, आणि विठूने घाबरून सगळे विकले. कशात काय आणि फाटक्यात पाय. ही हकिगत विठूने स्वतःच पाराजवळ बसून भोळेपणाने सगळ्यांना सांगितली, दोनशेसहाला घेतले रे, दोनशेसहाला, आणि त्या दिवसापासून त्याला दुसरं नाव उरलं नाही. रिक्षास्टँडवरून पोरं हाक मारायची, "ओ दोनशेसहा, येता का?" आणि बाप "हा" म्हणायचा. कुमारला त्या "हा"चा संताप यायचा. माणसाला कुणी काही म्हणतं हे एक वेळ सहन होतं, पण तो ओ देतो हे सहन होत नाही.

कारण त्याच बारा फेब्रुवारीला कुमार कल्याण नाक्यावर एका सेकंडहँड टेम्पोसमोर उभा होता. एकवीस वर्षांचा, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि टेम्पोवाल्याला शब्द दिलेला की दुपारपर्यंत वीस हजार घेऊन बाप येतो. बाप आला नाही. बाप भाऊसाहेबांकडे गेला होता. कुमार तीन वाजेपर्यंत थांबला, मग टेम्पोवालाच कंटाळून म्हणाला, "जाओ बेटा, बाप से पूछ के आना," आणि सगळे हसले. त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षं कुमार दुसऱ्यांच्या टेम्पोतून उतरणारा माल मोजत आला आहे. आधी हमाल, मग टॅली क्लार्क, आता रिसीव्हिंगचा सुपरवायझर. छातीवर नावाची पट्टी आहे. पण टेम्पो मागे घेताना मागचा माणूस "आने दो, आने दो" ओरडतो ना, तो आवाज ऐकला की आजही त्याची मोजणी चुकते. बापाशी तो त्या दिवसानंतर नीट बोललाच नाही. बाप मेला तेव्हाही, तिरडी बांधताना मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "दोनशेसहा गेला," आणि कुमार रडायचं सोडून त्या माणसाच्या अंगावर धावून गेला. आठ वर्षं झाली. लोकांना मयत आठवत नाही, ते भांडण आठवतं.

आणि आता हा आकडा. चार रुपये बारा पैसे, म्हणजे शंभर शेअरचे चारशे बारा. बापाने मोजले होते वीस हजार सहाशे. मधले गेले कुठे? उत्तर शोधायला कुमारला कुठे जावं लागलं नाही. ते उत्तर त्याच्या आत कधीचं तयार बसलं होतं, जागा धरून. पांढरा लेंगा, नाकावर घसरलेला चष्मा, हलका आवाज. "विठोबा, बस हो, पाणी घे." भाऊसाहेब कधी कुणाला अरे म्हणून टोचून बोलले नाहीत, भाजीचा भाव पाडला नाही. पाडला असता तर बरं झालं असतं. लहानपणी कुमार पाटीखाली खांदा देऊन बापाबरोबर त्यांच्या दारात जायचा, तेव्हा त्यांची मुलगी नीरजा व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसलेली असायची आणि भाऊसाहेब विचारायचे, "कितवीत रे तू? सत्तावीस चोक किती?" त्याला येत नसे. ते रागवायचे नाहीत, फक्त उत्तर सांगायचे. ते न रागावणं कुमारला चाळीस वर्षं पुरलं होतं. एवढा गोड माणूस चोरच असणार, याची त्याला आता इतकी खात्री पटली की त्याच्या अंगावर शहारा आला. सुखाचा शहारा.

हाफ डे टाकून तो आधी घरी गेला. बायजाबाई, त्याची आई, ओट्यावर वाल सोलत बसली होती. त्याने सांगितलं तशी ती सोलायची थांबली नाही. "मना म्हाइतच होता," ती म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. नवरा जिवंत होता तोवर तिने त्याला येडा म्हणून म्हणून झिजवला होता, आणि आता तो येडा नव्हता, फसवला गेला होता, हे तिला एका वालाच्या शेंगेएवढ्या वेळात पचलं. "जा," ती म्हणाली. "त्याच्या तोंडून वदवून ये. पैसं नको आपल्याला. तोंडानं बोलला पायजे, मी खाल्लं म्हून." कुमारलाही तेच हवं होतं. रिक्षात बसून टेमघरला जाताना तो वाक्यं जुळवत राहिला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोडाऊनचे निळे पत्रे, मध्ये एखादं शिल्लक शेत, पुन्हा पत्रे. एका वाक्यात त्याने "भाऊसाहेब" घातलं, मग काढलं. "तुम्ही"चं "तू" केलं, आणि ते म्हणून पाहिलं तर आपलीच जीभ भाजल्यासारखी वाटली, म्हणून पुन्हा म्हणून पाहिलं. रिक्षावाला आरशातून बघत होता.

भाऊसाहेब एकटेच होते. चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, दार नुसतं लोटलेलं. ऐंशीचे झाले होते, सुकून खारकेसारखे. कुमारला त्यांनी ओळखलं नाही. "विठूचा" म्हटल्यावर मात्र चेहरा उजळला. "विठोबाचा! बस, बस. पाणी घे. तो का नाही आला?" "बाप मेला," कुमार म्हणाला, "तुम्ही आलता मयताला." "आलो होतो," भाऊसाहेब म्हणाले, पण त्यांना आठवत नव्हतं हे कळत होतं. कुमारला थांबायचं असतं तर इथे थांबता आलं असतं. त्याने फोन काढला. तक्त्याचा फोटो मितेशने पाठवला होता, तो मोठा करून त्याने म्हाताऱ्याच्या चष्म्यासमोर धरला आणि एकेक शब्द पाडत बोलला. तारीख बघा. कंपनी बघा. भाव बघा. आता सांगा, माझ्या बापाकडून दोनशेसहा कशाचे घेतले?

म्हाताऱ्याने खूप वेळ पाहिलं. कुमारची अपेक्षा होती की तो चिडेल, हाकलून देईल, निदान खोटं बोलेल. मग ओरडायला जागा मिळाली असती. पण भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तक्ता पुन्हा वाचला, कंपनीच्या नावापासून, डावीकडून उजवीकडे. "हे कुठलं रेकॉर्ड?" "मार्केटचं." "अधिकृत?" "हां, अधिकृत." छत्तीस वर्षं भाऊसाहेबांनी शाळेचं जनरल रजिस्टर सांभाळलं होतं. आई-बाप शपथा घेऊन सांगायचे की पोर श्रावणात जन्माला आलं, आणि भाऊसाहेब रजिस्टर उघडून म्हणायचे, इथे एक जून आहे. माणसाची आठवण चुकते, रेकॉर्ड चुकत नाही, हा त्यांचा रोजचा शब्द. विठूपासून ते शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांनी तो ऐकला होता. "मला वाटत होतं दोनशेसहाच होता," ते हळूच म्हणाले. "पण रेकॉर्डला चार बारा आहे म्हणजे..." "म्हणजे काय?" "म्हणजे वरचे माझ्याकडे राहिले असणार." "राहिले? राहिले काय? खाल्ले बोल!" ते "बोल" तोंडातून गेलं आणि कुमारला वाटलं आता भिंत पडेल. काही पडलं नाही. म्हातारा मान हलवत होता. "तू म्हणतोस ते बरोबर. लिहून देतो. तोंडी नको, तोंडी पुढे उलटतं."

आणि खरंच त्यांनी लिहून दिलं. रेघांचा कागद काढला, समास सोडला, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. मी खाली सही करणार लिहून देतो की. अक्षर थरथरत होतं पण ओळ सुटत नव्हती. कै. विठू यांचेकडून शेअर खरेदीपोटी घेतलेल्या रकमेपैकी रुपये वीस हजार एकशे अठ्ठ्याऐंशी मात्र मजकडे राहिले असून ते मी परत केले नाहीत. ही वजाबाकी त्यांनी तोंडी केली. कुमार उभा राहून बघत होता आणि त्याला हवा तो आनंद होत नव्हता, म्हणून तो जास्त चिडला. सही होत असतानाच नीरजा आली, ती शिकवते त्या शाळेतून, खांद्याला पिशवी, पन्नाशी ओलांडलेली, केस आता पांढरे. तिने आधी कुमारकडे पाहून हसून "कुमार ना तू?" म्हटलं, मग कागद वाचला. "हे काय आहे? बाबांना काल काय जेवलो ते आठवत नाही रे. पंचवीस वर्षांपूर्वीचं त्यांच्याकडून काय लिहून घेतोस?" "मी न्हाय लिहून घेतलं, ताई. त्यांनी स्वतः दिलं. विचारा." "नीरू, रेकॉर्ड आहे," म्हातारा म्हणाला. तिने कागद ओढायला हात पुढे केला, पण कुमारने तो आधीच उचलला होता. जिना उतरताना त्याने त्याचा फोटो काढला आणि कुठला विचार मनात यायच्या आत "आपलं अंजूर" ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, माझा बाप येडा नव्हता.

दोन दिवस फोन थांबला नाही. अंगठे, हात जोडलेले, लाल तोंडं. सरपंचाचा फोन आला, आत्येभावाचा आला. ज्याच्या अंगावर तो मयताच्या वेळी धावून गेला होता तोही म्हणाला, "साला, अशी पांढरपेशी माणसं." कुणीतरी तो कागद भिवंडीच्या ग्रुपवर ढकलला, तिथून तो कुठल्या कुठे गेला. बायजाबाईने नवऱ्याच्या फोटोला आठ वर्षांत पहिल्यांदा हार घातला. आणि तिसऱ्या दिवशी रिक्षास्टँडवर बसलेल्यांपैकी एक जण कुमारला बघून मोठ्याने म्हणाला, "म्हणजे दोनशेसहा न्हाय रे, चारशेबारा!" आणि सगळे खो खो हसले. कुमारही हसला. हसलाच, बापासारखा. ते लक्षात आलं तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि मागून ट्रक हॉर्न वाजवत होता. म्हणजे एवढं करून बाप येडाच राहिला, फक्त स्वस्तातला येडा झाला. ही गावाची जात. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी. पण राग गावावर काढायचा तर उद्या तिथेच राहायचं आहे. राग टेमघरला काढणं सोपं होतं, रिक्षाला वीस रुपये पडतात.

म्हणून त्याला दुसरी चोरी हवी होती. एकीने पोट भरेना. ज्याने घेताना खाल्लं त्याने विकतानाही खाल्लं असणार, हे तर शेंबडं पोर सांगेल. विकल्याची तारीख कुमारला पाठ होती, दसऱ्याचा आदला दिवस, अठरा ऑक्टोबर नव्व्याण्णव. भाव बासष्ट म्हणून सांगितला होता. खरा शंभर असेल, सव्वाशे असेल. माल उतरवायच्या डॉकवर, दोन ट्रकच्या मधल्या वेळात, हातातली पावती-फाइल काखेत धरून, त्याने मितेशने शिकवलं तसं स्वतः तारीख टाकली. तक्ता वर सरकला. बोट थांबलं. एक रुपया चोवीस पैसे.

त्याने पुन्हा तारीख टाकली. एक रुपया चोवीस. हे कसं होईल? बासष्ट दराचा सहा हजार दोनशेचा चेक त्याने स्वतःच्या हाताने बापाच्या खात्यात भरला होता. स्लिप त्यानेच लिहिली, बापाला लिहिता येत नव्हतं. आठवणीची गोष्ट नव्हती ही. दिवाळीला त्यातूनच कमळीला, बहिणीला, लुगडं घेतलं होतं. मग त्या दिवशी भाव एक चोवीस असेल तर शंभर शेअरचे एकशे चोवीस रुपये यायला हवे. वरचे सहा हजार कुणी भरले? भाऊसाहेबांनी पदरचे? चोर कुठे पदरचे भरतो? कुमारच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गेटवर ट्रकवाला ओरडत होता, "सुपरवायझर, माल उतारना है के नहीं?" आणि कुमार फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर बासष्टला एक पूर्णांक चोवीसने भागत होता. पन्नास. मग दोनशेसहाला चार पूर्णांक बाराने. पन्नास. पन्नासला पन्नास, मधे एक पैसा इकडे-तिकडे नाही. खोटं एवढं सरळ नसतं.

तो मितेशकडे गेला तेव्हा त्याला खरं तर काही विचारायचं नव्हतं. त्याला मितेशने नाही म्हणायला हवं होतं. मितेशने तक्त्याच्या तळाशी असलेली बारीक अक्षरं मोठी केली आणि म्हणाला, "आयला. हां. हे समायोजित भाव हायत, दादा. बघा ना, मधे दहा रुपयेवाल्या एका शेअरचे एकेक रुपयाचे दहा झाले. मग एकावर चार बोनस, फुकट, म्हणजे दहाचे पन्नास. एकाचे पन्नास. मग जुना भाव पन्नासने भागून दाखवतात, नाहीतर पुढच्याशी मेळच लागणार न्हाय." आणि कुमारचं तोंड बघून समजावण्यासाठी म्हणाला, "आपल्याकडे नाय का, पेटीचा रेट न् नगाचा रेट." पेटीचा रेट आणि नगाचा रेट! हे कुमारला समजावायचं? रोज, रोज या डॉकवर तो पोरांना शिव्या घालतो, आधी बघा रे गाढवांनो, बिलावर दर पेटीचा हाय का नगाचा, मग बोंब मारा. त्याने बापाची पेटी नगाच्या भावाने मोजली होती. "तवा का न्हाय बोललास?" त्याने मितेशची कॉलर धरली. मितेशने ती शांतपणे सोडवली. "तुम्ही विचारलं कुठं, दादा? तुम्ही हाफ डे टाकून पळाले."

चार दिवस तो ड्युटीवर जाऊन माल मोजत राहिला. या चार दिवसांत त्याने म्हाताऱ्याचा जेवढा द्वेष केला तेवढा चाळीस वर्षांत केला नव्हता. चोर होता तेव्हा निदान हिशेब सोपा होता: बाप फसला, टेम्पो गेला, याने नेला. आता टेम्पो कुणी नेला? बाजार पडला म्हणून गेला, बाप घाबरला म्हणून गेला. आणि बाप घाबरला तो का? बासष्ट भाव झाला तेव्हा भाऊसाहेब म्हणाले होते, विठोबा, ठेव, इतक्यात विकू नकोस. हे कुमारला आता, या वयात, कारण नसताना आठवू लागलं. आणि हेही की तेव्हा घरात आदळआपट कुणी केली होती. भांडी कुणी फेकली, विका ते कागद म्हणून बापाची गचांडी कुणी धरली. बावीस वर्षांचा होता तो. बाप दुसऱ्या दिवशी विकून आला. ते शेअर आज असते तर पाच हजार झाले असते. कुमारने आजचा भाव बघायचं टाळलं, मग बघितला, आणि गुणाकार अर्ध्यावर सोडून फोन खिशात टाकला. आईला त्याने सांगितलं नाही. तिने फोटोला ताजा हार घातला होता, आणि त्याला तो ओरबाडून काढावासा वाटला, कुणासाठी ते त्याला सांगता आलं नसतं. ग्रुपवरून कागद काढायला गेला तर वेळ उलटून गेली होती. आणि काढून उपयोग काय, ज्याच्या त्याच्या फोनमध्ये तो जाऊन बसला होता.

पाचव्या दिवशी तो गेला, ड्युटीच्या कपड्यांत, छातीवरच्या पट्टीसकट. कागदावर सगळं मांडून नेलं होतं, दोन तारखा, चार भाव, दोन भागाकार. मितेशकडून बारीक अक्षरांची प्रतही काढून आणली होती. दार नीरजाने उघडलं. ती बाजूला झाली नाही. "या, कुमारराव," ती म्हणाली. "आज काय लिहून हवंय तुम्हाला?" लहानपणापासून तिने त्याला तू म्हटलं होतं. त्या "तुम्ही"ने त्याला चपराक बसली. "ताई, चुकी झाली," तो म्हणाला. "भाऊसाहेबांनी काही न्हाय खाल्लं. मी सांगायला आलोय." "कुणाला सांगणार? सोसायटीला सांगा. अठरा वर्षं चाव्या आणि शिक्के बाबांकडे होते, परवा मीटिंग न घेता काढून नेले. मुलांच्या पालकांना सांगा. शाळेत माझ्याकडे बघून कुजबुजतात ते सांगा त्यांना. तुमच्या गावाला सांगा." "सांगतो. सगळ्यांना सांगतो. आधी त्यांना सांगू द्या." आतून आवाज आला, "कोण आहे गं? विठोबाचा आहे का? येऊ दे. त्याचं माझ्याकडे राहिलंय."

भाऊसाहेब खुर्चीत होते. कुमारने जमिनीवर बसून कागद त्यांच्या मांडीवर पसरला आणि समजावायला सुरुवात केली, बोट ठेवून, हळूहळू, डॉकवरच्या नव्या पोराला समजावतात तसं. पेटी. नग. एकाचे पन्नास. दोनशेसहा भागिले पन्नास. म्हातारा शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "हे तू केलंस?" "हां." "गणित चांगलं आहे. पण हे तुझं आहे. माझं लेखी आहे, सहीनिशी." "अहो, ते चुकीचं लेखी आहे!" "नाही. सही करताना शुद्धीत होतो. आणि मला आता आठवतंय." नीरजा पुढे आली. "बाबा, काय आठवतंय?" "नीरूला कुड्या केल्या होत्या. मोत्याच्या. त्याच पैशातून. विठोबा पैसे देऊन गेला आणि मी सोनाराकडे गेलो. तो जिना चढून आला तेव्हा त्याचे पाय चिखलाने भरले होते, तेही आठवतंय." "बाबा, त्या कुड्या आजीच्या होत्या. माझ्या लग्नातल्या. अठ्ठ्याण्णवला मी दोन मुलांची आई होते!" ते तिच्याकडे बघून कनवाळूपणे हसले, रजिस्टरात नसलेली जन्मतारीख सांगणाऱ्या आईकडे बघून हसत असतील तसे. "तुला कसं कळणार? तुला सांगितलं नव्हतं मी."

आठ दिवसांत त्या रिकाम्या डोक्यात कुमारचा आकडा रुजला होता. त्याला पानं फुटली होती, सोनाराचं दुकान, चिखलाचे पाय. फेब्रुवारीत कुठला आला चिखल? पण म्हातारा तो चिखल बघत होता. कुमारला एकदम भीती वाटली, आणि भीती वाटली की त्याला राग येतो, हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव. तो उठून उभा राहिला. त्याने त्या हडकुळ्या खांद्यांना धरलं. "न्हाय खाल्ले तुम्ही," तो म्हणाला. "ऐका. न्हाय खाल्ले." "खाल्ले रे." "अहो, तुम्ही चोर न्हाय!" आवाज चढला. म्हातारा मान हलवत राहिला, शांतपणे, उत्तर ठाऊक असलेल्या माणसासारखा. "तुम्ही चोर न्हाय, समजतंय का? चोर न्हाय!" नीरजा त्याचा हात ओढत होती, "सोडा त्यांना, सोडा आधी." बाहेर जिन्यावर दारं उघडल्याचे आवाज झाले. पावलं आली. समोरच्या बिऱ्हाडातला एक माणूस उंबऱ्यात येऊन म्हणाला, "ओ मिस्टर, त्या दिवशी करून गेलात ते पुरे नाही झालं? म्हाताऱ्या माणसाला किती वेळा चोर म्हणाल?" कुमारने तोंड उघडलं, पण उंबऱ्यात आता चार-पाच जण होते, दोघांच्या हातात फोन होते, आणि त्यांनी जे ऐकायचं ते ऐकलं होतं. त्याच्या हाताखाली भाऊसाहेबांचा खांदा थोडा हलला. म्हाताऱ्याने आपला सुरकुतलेला हात वर आणून कुमारच्या हातावर ठेवला, थोपटला आणि त्याच जुन्या, न रागावणाऱ्या आवाजात म्हणाला, "ओरडू नकोस, कुमार. मी कबूल केलंय ना."